बंद पडलेल्या संगणकातून फायली परत काढताना

संगणक सुरू होत नाही, पडदा काळाच राहतो किंवा निळ्या पडद्यावर चार ओळी उमटून सगळे तिथेच थिजते, तेव्हा बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘सगळा डेटा गेला’ हेच. पुष्कळदा ते खरे नसते. वीज पुरवणारा एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम, पडदा आणि फायली साठवणारी डिस्क अशा सुट्या भागांची जुळणी म्हणजे संगणक. यांतला एक भाग रुसला तरी सगळे बंद पडते, पण फायली असतात त्या फक्त डिस्कमध्ये. दाराचे कुलूप अडकले म्हणून घरातली भांडी नाहीशी होत नाहीत, तसेच हे. माझ्या पाहण्यात आलेल्या प्रसंगांत मूळ बिघाडाने जितके नुकसान केले, त्याहून अधिक नुकसान नंतरच्या घाईने केले: कोणी फॉरमॅट मारला, कोणी विंडोज नव्याने टाकले, कोणी ‘अजून एकदा चालू करून बघू’ म्हणत दिवसभर बटण दाबत राहिले. म्हणून या लेखात साधनांच्या नावांपेक्षा कामाच्या क्रमावर भर आहे. आधी काय बिघडले ते ओळखायचे, मग डिस्कवरून फक्त वाचायचे, आणि सगळे दुसरीकडे उतरवून घेईपर्यंत तिच्यावर एक अक्षरही लिहू द्यायचे नाही.

डिस्क दोन प्रकारची असते आणि हा फरक पुढे वारंवार लागेल. जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्कमध्ये काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेत फिरतात आणि त्यांवरच्या चुंबकीय थरात माहिती असते. ती वाचणारे हेड चकतीला टेकत नाही. फिरत्या चकतीमुळे निर्माण होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर, पृष्ठभागापासून जेमतेम काही नॅनोमीटर अंतर राखून ते तरंगत असते. माणसाचा केस साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले की धुळीचा एक कण आत गेल्याने काय होईल याची कल्पना येते. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आकार आणि क्षमता ओळखू न येण्याइतकी बदलली, पण फिरणारी चकती आणि तिच्यावर सरकणारे हेड ही मांडणी तीच राहिली. दुसरा प्रकार एसएसडीचा. तिच्यात काहीही फिरत नाही. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठते आणि ती कुठे ठेवायची याचा हिशेब आतला कंट्रोलर ठेवतो.

आधी सर्वांत सोपा प्रसंग घेऊ: डिस्क धडधाकट आहे, संगणकाचा दुसराच भाग गेला आहे. लॅपटॉपवर पाणी सांडून मदरबोर्ड जळाला किंवा टेबलाखालच्या संगणकाचा एसएमपीएस गेला, अशी उदाहरणे याच गटात येतात. इथे डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणे एवढेच काम असते. वीज बंद करून, लॅपटॉप असल्यास आतली बॅटरीची पिन सोडवून, अंगावरची स्थिर वीज घालवण्यासाठी एखाद्या धातूला हात लावून मगच डिस्कला हात घालावा. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे साध्या यूएसबी केसिंगमध्ये घालून तिला लगेच वापरता येते. टेबलावरच्या संगणकातली साडेतीन इंची डिस्क मात्र १२ व्होल्टही मागते आणि यूएसबीतून ते मिळत नाहीत. स्वतंत्र वीजजोडणी असलेला अडॅप्टर नसेल तर ती फिरणारच नाही आणि आपण उगाच तिला मृत समजून बसू. च्युइंगगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या एम.२ एसएसडीच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. दिसायला सारख्या असल्या तरी काही सॅटा या जोडणीच्या पद्धतीच्या असतात आणि काही एनव्हीएमई पद्धतीच्या, आणि एकीचे केसिंग दुसरीला चालेलच असे नाही. सॅटा पट्टीच्या टोकाला सहसा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईच्या टोकाला एक. शंका असेल तर पट्टीवरच्या लेबलावरचा मॉडेल क्रमांक पाहणे हा जास्त भरवशाचा मार्ग.

काही संगणकांत मात्र काढण्यासारखे काही नसतेच. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये साठवणुकीच्या चिप मदरबोर्डवरच झाळलेल्या असतात, आणि २०१८ नंतरच्या बहुतेक मॅकबुकमध्ये तर चिपमधली माहिती त्या विशिष्ट बोर्डावरच्या सुरक्षा चिपशी बांधलेली आणि सांकेतिक केलेली असते. तिथे साठवणूक सुटी करून काही हाती लागत नाही. फायली हव्या असतील तर तोच बोर्ड निदान थोडा वेळ जिवंत करावा लागतो.

डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर पडद्यावर जे संदेश येतात, तिथे बरेच जण घसरतात. विंडोज सांगते की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, आणि खाली ठळक बटण दाखवते. त्या संदेशाचा खरा अर्थ इतकाच असतो की ‘या डिस्कवरची मांडणी मला वाचता येत नाही’. डिस्क मॅकमधली किंवा लिनक्समधली असेल तर विंडोजला ती वाचता येणार नाही, हे स्वाभाविकच आहे. तिच्यात काहीही बिघाड नसतो. डिस्क मॅनेजमेंटमधली ‘इनिशियलाइझ’ करण्याची सूचनाही याच जातीची. दोन्ही ठिकाणी नकार द्यायचा, आणि डिस्क ज्या प्रणालीतून आली त्या प्रणालीच्या संगणकाला ती जोडून पाहायची.

दुसरा अडसर ‘प्रवेश नाकारला’ या शब्दांत येतो. जुन्या संगणकावरच्या वापरकर्त्याच्या नावाने फोल्डरला जे अधिकार दिलेले असतात, ते नव्या संगणकाला ओळखीचे नसतात म्हणून हे घडते. प्रशासक खात्यातून त्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतली की तो उघडतो. लॉगिनचा पासवर्ड आठवत नसला तरी इथे फारसे अडत नाही. पण बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा सोयीचे कुलूप ही निराळीच गोष्ट आहे. तिथे अधिकारांचा प्रश्न नसून डिस्कवरचा प्रत्येक बाइट सांकेतिक केलेला असतो आणि दुसऱ्या संगणकावर तो उलगडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत आपोआप लागलेले असते. किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते किंवा कचेरीचा लॅपटॉप असेल तर तिथल्या संगणक विभागाकडे मिळते. ती कुठेच नसेल, तर महागड्यातली महागडी प्रयोगशाळाही त्या डिस्कमधून एक छायाचित्र काढून देऊ शकत नाही, मग डिस्क कितीही ठणठणीत असो. डिस्क खोलण्याच्या आधी ही किल्ली शोधणे म्हणूनच शहाणपणाचे.

संगणकाचे सगळे भाग ठीक आहेत पण विंडोजच उभे राहत नाही, असे असेल तर डिस्क काढण्याचीही गरज नसते. पेनड्राइव्हवर उबुंटूसारखे लिनक्स घेऊन त्यावरून संगणक सुरू करता येतो. ते रॅममधून चालते, डिस्कला न छेडता तिच्यातले फोल्डर दाखवते आणि आपण बाहेरच्या डिस्कवर नक्कल करून घेतो. विंडोज नीट बंद झाले नसेल तर लिनक्स तो विभाग बहुधा फक्त वाचण्यापुरता उघडते, आणि तशी तक्रारही करते. ती तक्रार ऐकून घ्यावी आणि जबरदस्ती करू नये, कारण आपल्याला वाचायचेच आहे. नक्कल करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. ब्राउझरमधल्या खुणा आणि जुन्या ईमेलच्या फायली ज्या लपवलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असतात, तो मात्र हटकून मागे राहतो.

आता जरा गुंतागुंतीचा भाग. फाइल चुकून पुसली गेली, रिसायकल बिनही रिकामा झाला, किंवा डिस्क फॉरमॅट झाली, तर काय? यासाठी पुसणे म्हणजे नेमके काय होते ते पाहावे लागेल. डिस्कवर दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात: फाइलीचा मजकूर, आणि कोणती फाइल कुठल्या खान्यांत आहे हे सांगणारी नोंदवही. पुसताना प्रणाली मजकुराला हातच लावत नाही. फक्त नोंदवहीत ‘ही जागा आता मोकळी’ असे लिहून ठेवते. फॅट या नोंदवहीच्या जुन्या पद्धतीत तर फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर खोडून तिथे एक खास खूण घातली जाते आणि बाकीचे नाव तसेच राहते. १९९१ साली मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस या जुन्या प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर पुसलेली फाइल परत आणणारी एक आज्ञा मिळू लागली. ती चालवली की आधी विचारायची, ‘या नावाचे पहिले अक्षर कोणते होते?’ कारण तेवढेच तिला ठाऊक नसायचे. विंडोज हल्ली वापरते त्या एनटीएफएसमध्ये पद्धत वेगळी असली तरी तत्त्व तेच: नोंद राहते, तिच्यावर ‘वापरात नाही’ असा शिक्का बसतो, इतकेच.

मोकळी ठरलेली जागा मोकळीच राहील याची मात्र खात्री नसते. पुढची कोणतीही फाइल त्याच खान्यांत जाऊन बसू शकते, आणि विंडोज चालू असताना आपण काही केले नाही तरी काही ना काही लिहिले जातच असते. ब्राउझर उघडून ‘पुसलेली फाइल परत कशी आणावी’ हे शोधले, तर त्या शोधाची पाने डिस्कवर साठतात. रिकव्हरीचा प्रोग्राम उतरवून त्याच डिस्कवर बसवला, तर तो प्रोग्रामच आपल्या फायलींच्या उरावर बसण्याची शक्यता असते. एका परिचिताने नेमके हेच केले होते: फायली ज्या डिस्कवरून गेल्या तिच्यावरच प्रोग्राम टाकला आणि सापडलेल्या फायलीही त्याच डिस्कवर जतन केल्या, त्यामुळे आधी सापडलेल्यांनी नंतर सापडू शकणाऱ्यांना गाडून टाकले. म्हणून चूक लक्षात येताच संगणक बंद करावा, डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि निघालेल्या फायली तिसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात.

एसएसडीच्या बाबतीत हा सगळा हिशेब उलटतो. फ्लॅश चिपवर लिहिण्यापूर्वी जुना मजकूर खरोखर पुसावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून प्रणाली एसएसडीला आधीच कळवून ठेवते की अमुक जागा आता लागणार नाही. या सूचनेला ट्रिम म्हणतात आणि २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ती विंडोजमध्ये आहे. सूचना मिळाली की कंट्रोलर सवडीने त्या जागा साफ करतो, आणि साफ होण्याआधीही त्या वाचायला गेले तर बहुधा नुसती शून्ये परत देतो. त्यामुळे हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल महिन्यांनंतरही मिळू शकते, तर आतल्या एसएसडीवरून पुसलेली काही मिनिटांतही हाताबाहेर गेलेली असू शकते. मदरबोर्ड जळालेल्या लॅपटॉपमधली एसएसडी मात्र याला अपवाद, कारण तिथे कोणी काही पुसलेलेच नसते.

नोंदवहीच उद्ध्वस्त झाली असेल तर फाइल तिच्या चेहऱ्यावरून ओळखावी लागते. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते: पीडीएफच्या सुरुवातीला टक्केचिन्ह आणि पी-डी-एफ ही तीन अक्षरे असतात, झिप फाइल पी-के या अक्षरांनी सुरू होते, आणि ती फिल कॅट्झ या झिपच्या जनकाची आद्याक्षरे आहेत. हल्लीची वर्डची फाइल आतून झिपच असल्याने तिचीही सुरुवात तीच. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कचा एकेक खाना वाचत अशा सुरुवाती शोधतो आणि तिथून पुढचा मजकूर फाइल म्हणून उचलतो. नाव आणि फोल्डर नोंदवहीत असल्यामुळे ते परत मिळत नाहीत. हाती येतात त्या आकड्यांच्या नावाच्या हजारो फायली, आणि त्यांत ब्राउझरने साठवलेली जाहिरातींची चित्रेही असतात. दुसरी अडचण तुकड्यांची. मोठी फाइल अनेकदा सलग नसते, आणि तिचे तुकडे कुठे आहेत हे सांगणारे कोणी उरलेले नसते. त्याच निर्मात्याचा टेस्टडिस्क हा प्रोग्राम वेगळे काम करतो: हरवलेल्या पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागाच्या, खुणा शोधून नोंदवहीच पुन्हा वाचण्याजोगी करू पाहतो. तो आधी चालवावा. त्याला यश आले तर नावे आणि फोल्डर यांच्यासह सगळे मिळते.

सलगपणाचे मोल किती, याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना हवेतच तुटले. त्याच्या अवशेषांत मिळालेली एक हार्ड डिस्क बाहेरून वितळलेल्या गोळ्यासारखी दिसत होती. तज्ज्ञांनी तिच्या चकत्या साफ करून दुसऱ्या यंत्रणेत बसवल्या आणि झेनॉन वायूवरच्या प्रयोगाची जवळजवळ सगळी नोंद परत मिळवली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. चकत्यांचा माहिती असलेला भाग शाबूत राहिला हे नशीब होतेच, पण तो संगणक डॉसवर चालत होता आणि त्यामुळे माहिती चकतीभर विखुरली नव्हती, याचाही त्यात वाटा होता.

शेवटचा प्रसंग म्हणजे डिस्कच आजारी असणे. इथे कान उपयोगी पडतात. निरोगी हार्ड डिस्क सुरू होताना एकसारखा चढत जाणारा घूं आवाज येतो आणि मग हेडची बारीक खुडबुड ऐकू येते. त्याऐवजी ठराविक अंतराने टक्-टक् असा ठोका येत असेल, तर हेडला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा टोकाला जाऊन परत येते. बारीक पीं-पीं असा आवाज आला आणि चकती फिरलीच नाही, तर मोटर अडकली आहे किंवा हेड चकतीला चिकटले आहे. या दोन्ही आवाजांना उत्तर एकच: ताबडतोब वीज काढा. दुखावलेले हेड चकती खरवडत असेल, तर प्रत्येक वेळच्या प्रयत्नात माहितीचा थर अक्षरशः पावडर होऊन उडत असतो.

आवाज ठीक आहे, पण डिस्क अतिशय मंद झाली आहे, फोल्डर उघडायला मिनिटे लागतात, असे असेल तर काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे खाने, वाचता येत नाहीत असे समजावे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्टमधल्या ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळी इथे पाहण्याजोग्या: पहिलीत बदलून टाकलेल्या सेक्टरांची संख्या असते आणि दुसरीत वाचता न आल्यामुळे ताटकळलेल्यांची. १९७ समोरचा आकडा वाढत चालला असेल तर डिस्कचे दिवस भरले आहेत. अशा डिस्कवर विंडोजची डिस्क तपासणी, म्हणजे चेकडिस्क, चालवू नये असे माझे ठाम मत आहे. ती नोंदवही ‘सुसंगत’ करण्यासाठी बनलेली आहे, तुमच्या फायली वाचवण्यासाठी नाही, आणि जुळत नसलेल्या नोंदी ती खुशाल कापून टाकते.

आजारी डिस्कची फोल्डर उघडून नक्कल करणेही बरे नव्हे, कारण एका वाईट सेक्टरवर प्रणाली हट्टाने अडून राहते आणि पलीकडचा चांगला भाग तसाच राहून जातो. डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा मोफत प्रोग्राम याच्या उलट वागतो. तो फायली पाहतच नाही; डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जसेच्या तसे प्रतिबिंब दुसऱ्या डिस्कवर उतरवत जातो आणि जिथे अडथळा येतो तो भाग मागे टाकून पुढे उडी मारतो. पडद्यावर वाचलेल्या भागाचा आकडा सुरुवातीला भराभर चढतो, मग वेग कोसळतो, उडी मारल्यावर पुन्हा सावरतो. सोपे सगळे हाती आल्यावर तो सोडलेल्या जागांकडे वळतो, त्यांच्या कडा कुरतडत आत शिरतो आणि अगदी शेवटी हट्टी सेक्टरांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला याचा नकाशा तो एका फाइलीत लिहीत असल्यामुळे मध्येच डिस्क गरम झाली तर थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येते. यासाठी रिकामी डिस्क आजारी डिस्कच्या पूर्ण क्षमतेहून मोठी हवी, निव्वळ वापरलेल्या जागेइतकी पुरत नाही. आणि आज्ञा देताना कुठून कुठे हे दोनदा, सीरियल क्रमांकासह ताडून पाहावे, कारण क्रम उलटा पडला तर रिकामी डिस्क इमानदारीने भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. यानंतरची सगळी खटपट त्या प्रतिबिंबावर करायची आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यायची.

टक्-टक् करणाऱ्या डिस्कवर घरी करण्यासारखे काही नाही. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा आजही सांगितला जातो, पण थंड चकतीवर हवेतला ओलावा साचतो आणि काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडच्या दृष्टीने तो थेंब म्हणजे डोंगर. हिरवी सर्किट पट्टी दुसऱ्या तशाच डिस्कवरून काढून लावण्याची युक्ती फार जुन्या डिस्कवर चालत असे. आता पट्टीवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या हेडची मोजमापे लिहिलेली असतात, त्यामुळे ती चिपही हलवावी लागते. हेड बदलायचे तर धूळमुक्त जागा, त्याच मॉडेलची दाता डिस्क आणि सरावलेले हात लागतात. काम प्रयोगशाळेकडे देताना ते आधी प्रतिबिंब घेतात का आणि मिळालेल्या फायलींची यादी पैसे देण्यापूर्वी दाखवतात का, हे दोन प्रश्न विचारावेत.

फायली हाती आल्या की त्या उघडून पाहाव्यात. आकार बरोबर दिसला म्हणून आतले बरोबर असेलच असे नाही. चलच्चित्र शेवटपर्यंत सरकवून पाहावे, झिप फाइल उलगडून पाहावी. जेपेग छायाचित्रातला एखादा सेक्टर गेला असेल तर वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि तिथून खाली रंग बिघडतात किंवा नुसता राखाडी पट्टा राहतो. अशा वेळी ते टाकून देण्याची घाई करू नये. कॅमेरे बहुधा छायाचित्राची एक छोटी प्रत फाइलीच्या सुरुवातीलाच ठेवतात, आणि मोठे चित्र अर्धे राखाडी असले तरी पोस्टाच्या तिकिटाएवढी ती प्रत अनेकदा पूर्ण निघते.